नर्सिंगचा इंटरव्ह्यू: स्क्रब्ज, शर्ट-पँट की ब्लेझर?

बहुतेक नोकऱ्यांच्या इंटरव्ह्यूला ‘फॉर्मल घाल’ म्हटलं की कपड्यांचा विषय मिटतो. नर्सिंगमध्ये तो तसा मिटत नाही. रोजच्या कामाचा पोशाखच वेगळा (स्क्रब्ज, म्हणजे ढगळ सदरा-पँटचा जोड) असल्यामुळे, तोच घालून जावं की ऑफिसला शोभतील असे कपडे घालावेत, यात अनुभवी सिस्टर आणि ब्रदरसुद्धा अडकतात. माझं मत आधीच सांगून टाकते: स्क्रब्ज घालून या असं कुणी स्पष्ट सांगितलं नसेल, तर ते घालू नका. आणि फॉर्मलमध्येही असेच कपडे निवडा, ज्यांच्या बाह्या कोपराच्या वर सहज जातील.

स्क्रब्ज की फॉर्मल?

स्क्रब्जची बाजू अगदीच लंगडी नाही. त्या कपड्यांत आपण दिवसरात्र वावरतो, त्यामुळे अवघडलेपण राहत नाही. पण अडचणी जास्त आहेत. अनेक रुग्णालयांत स्क्रब्जच्या रंगावरून हुद्दा किंवा विभाग ओळखतात. तुमच्या अंगावर नेमका तिथल्या आयसीयू स्टाफचा रंग असला आणि कॉरिडॉरमध्ये एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाने थांबवून ‘सिस्टर, सलाइन संपलंय, जरा बघता का?’ म्हटलं, तर काय कराल? तुम्ही तिथल्या स्टाफवर नाही, पेशंटला हात लावायचा तुम्हाला अधिकार नाही, आणि समोरच्या काळजीत असलेल्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नाही. तो प्रसंग टाळलेलाच बरा.

दुसरी अडचण संसर्गाची. स्क्रब्ज घरून घालून, गर्दीतून प्रवास करून आलात, तर पॅनेलवर बसलेल्या इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना तुमच्या स्वच्छतेच्या सवयींबद्दल शंका येणारच. ते सकाळीच धुऊन इस्त्री केलेले आहेत, हे त्यांना कळणार कसं? त्यावर सध्याच्या रुग्णालयाचा लोगो असेल तर आणखी वाईट. ज्यांची नोकरी सोडायची, त्यांचंच नाव छातीवर मिरवत दुसऱ्या दारात उभं राहणं शोभत नाही.

स्क्रब्ज योग्य ठरतात ते दोन प्रसंगी. एक, वॉर्डात प्रत्यक्ष काम करून दाखवायचं असेल तेव्हा. अशा वेळी फॉर्मल कपड्यांत जा, धुतलेला जोड आणि कामाचे बूट पिशवीत ठेवा आणि तिथे बदला. दुसरा, त्याच रुग्णालयात दुसऱ्या विभागासाठी अर्ज केलाय आणि ड्यूटीच्या मधेच बोलावणं आलंय. तेव्हा स्क्रब्जमध्ये जाण्यात गैर काही नाही, फक्त आधी विचारून घ्या. नाइट ड्यूटी संपवून इंटरव्ह्यूला जाणार असाल, तर मात्र शर्ट-पँट लॉकरमध्ये आदल्या दिवशीच नेऊन ठेवा. रात्रभर अंगावर असलेल्या कपड्यांत रक्ताचा किंवा बीटाडीनचा एखादा डाग राहून गेलेला असतो, आणि तो आपल्याआधी समोरच्याला दिसतो.

ब्लेझर की साधा शर्ट?

इथे पदावर बरंच अवलंबून आहे. इन्चार्ज, मेट्रन, ट्यूटर किंवा प्रशासनातलं पद असेल तर ब्लेझर जरूर घाला. त्या खुर्चीवर बसून बैठका घ्यायच्या असतात, पोशाखाने तेवढं वजन दाखवलं तर बिघडत नाही. स्टाफ नर्सच्या जागेसाठी मात्र मी इस्त्रीचा साधा शर्ट आणि गडद पँट निवडेन, गारठा असेल तर वरून पातळ कार्डिगन.

कारण सांगते. पॅनेलने ‘हॅण्ड हायजीनच्या पायऱ्या करून दाखवा’ म्हटलं, की ब्लेझरचं गणित चुकतं. अस्तर लावलेली बाही वर सरकत नाही, सरकवली तर पुन्हा मनगटावर उतरते. हॅण्ड रबला, म्हणजे सॅनिटायझर चोळून हात स्वच्छ करायला 20 ते 30 सेकंद आणि साबण-पाण्याला 40 ते 60 सेकंद लागतात. तेवढा वेळ तुमचं लक्ष बाहीकडे राहणार आणि एखादी पायरी निसटणार. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने 2007 साली पेशंटजवळ काम करताना कोपराखाली बाही नको, घड्याळ नको असा नियम आणला. हात आणि मनगट नीट धुता यावं हा त्यामागचा विचार. तो तुमच्या हालचालीतून आपोआप दिसला, तर वेगळं सांगावं लागत नाही. घरीच शर्ट घालून दोन्ही बाह्या कोपरावर दुमडून बघा. घट्ट कफमुळे अडकत असतील तर दुसरा शर्ट काढा.

स्कर्ट की पँट, यात खल करण्यासारखं काही नाही. दोन्ही चालतात. बसल्यावर स्कर्ट गुडघ्याच्या वर जात असेल, किंवा वाकल्यावर पँट ताणत असेल, तर ते बाद. पांढऱ्या शर्टाची शोभा खरीच, पण त्यातून आतलं दिसत नाही ना, ते उजेडात उभं राहून पाहा. फिका निळा किंवा राखाडी रंग बिनधास्त घ्या.

हात

कपड्यांवर लोक तासन्‌तास घालवतात आणि नखांकडे बघत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण पॅनेलवरची जुनी सिस्टर आधी हातच बघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पेशंटशी थेट संपर्क येणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत आणि नैसर्गिक नखांची टोकं अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावीत. नेलपॉलिश लावावं की काढावं या प्रश्नाचं उत्तर एकच: काढा. पॉलिशचे टवके उडालेले असतील तर आदल्या रात्रीच. खड्यांच्या अंगठ्या आणि ब्रेसलेट घरी ठेवा. घड्याळ हवंच असेल तर छातीला पिन लावायचं नर्सिंगचं घड्याळ चालेल, पण इंटरव्ह्यूला त्याची गरज नाही.

परफ्यूम लावूच नका. दम्याच्या किंवा केमो घेणाऱ्या पेशंटजवळ उग्र वास चालत नाही, हे पॅनेलला पक्कं ठाऊक असतं. सिगारेटचा वासही तसाच.

बुटांचं थोडक्यात

पुढून बंद, कमी टाचेचे, चालताना न वाजणारे गडद बूट सर्वांत सुरक्षित. कामाचे पांढरे बूट अगदी नवे असतील तरच. इंटरव्ह्यूनंतर ‘चला, वॉर्ड दाखवते’ म्हणत तुम्हाला तीन मजले फिरवतात, तेव्हा उंच टाचा जड जातात.

व्हिडिओवर असेल तर

कॅमेऱ्यासमोर निवड थोडी बदलते. बारीक रेघांचा शर्ट स्क्रीनवर लहरतो, म्हणून एकरंगी घ्या. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा शर्ट नको. ब्लेझर इथे स्टाफ नर्सच्या जागेसाठीही चालून जाईल, कारण हात धुऊन दाखवायचे नसतात. केस मात्र प्रत्यक्ष गेल्यासारखेच बांधा. पुन्हा पुन्हा चेहऱ्यावरची बट मागे सारणारा हात स्क्रीनवर फार ठळक दिसतो, आणि वॉर्डातही हा हात असाच चेहऱ्याला लागत असणार, हे बघणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं.