सिट्रोनेला लावून 14 महिने झाले, डास गेले का?

नाही गेले. कुंडी मात्र गॅलरीत आहे आणि मी ती काढणारही नाहीये.

आमचं घर भांडुपला, दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला गटार. संध्याकाळी सहाच्या आत खिडक्या लावल्या नाहीत तर मग रात्रभर टाळ्या वाजवत बसायचं. कॉइलच्या धुराने आईंना (म्हणजे सासूबाईंना) खोकला येतो, म्हणून मी डास पळवतं म्हणतात त्या सिट्रोनेलाच्या झाडाचा घाट घातला.

पहिलं रोप ऑनलाइन मागवलं, 'डास पळवणारं' म्हणून, 299 रुपयांना. आलं ते कातरलेल्या लवदार पानांचं झुडूप. चौकशी केल्यावर कळलं की हा जिरॅनियमचा प्रकार. वास सिट्रोनेलासारखा येतो, बाकी काही नाही. 1996 साली छापून आलेल्या एका चाचणीत तर एडिस (डेंग्यू पसरवणाऱ्या) डासांनी त्याला अजिबात भीक घातली नव्हती. आमचं रोप जुलैच्या पावसात देठापासून कुजलं.

खरा सिट्रोनेला म्हणजे गवत, गवती चहाचं चुलत भावंड. आसामात तेलासाठी त्याची शेती होते. नंतरच्या फेब्रुवारीत मी नर्सरीतून 60 रुपयांना आणला. तिथे दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेले असतात आणि विकणाराही कोणतंही उचलून देतो, तेव्हा बुंधा बघून घ्या. सिट्रोनेलाचा लालसर-जांभळट असतो, गवती चहाचा फिकट हिरवा-पांढरा. पात चुरडली तर गवती चहाला स्वच्छ लिंबाचा वास येतो, याला उग्र, साबणासारखा.

आईंनी बुंधा बघितला नव्हता. पहिल्याच आठवड्यात दोन पाती आलं घालून उकळल्या, एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, फिनेल पडलं का यात?" तेव्हापासून कुंडीवर मार्करने 'चहाचा नाही' असं लिहिलंय.

12 इंची कुंडी, लाल माती, शेणखत, थोडं कोकोपीट. आमच्याकडे ऊन सकाळी अकरापर्यंतच येतं, ते त्याला कमी पडतं. मेपर्यंत नुसतं तग धरून होतं. पाऊस सुरू झाला आणि ऑगस्टपर्यंत माझ्या खांद्याला लागलं. पाती ग्रीलमधून बाहेर लोंबून खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. पातीची कड करवतीसारखी असते. छाटताना बोट चिरलं, तेव्हापासून हातमोजे घालते.

त्याच ऑगस्टमध्ये सोसायटीत डासांच्या अळ्या तपासणारे आले. मी मोठ्या कौतुकाने म्हटलं, आमच्याकडे डासांसाठी खास झाड आहे. त्यातल्या एकाने कुंडी तिरकी केली, खालच्या ताटलीत टॉर्च मारला. बोटभर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. "मॅडम, डासांसाठीच आहे हे," तो म्हणाला. डेंग्यूचा एडिस अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडणारा डास तयार होतो. म्हणजे गटारातले डास संध्याकाळी येत होते आणि दिवसा चावणारे मी घरीच पाळले होते. माझ्या धाकट्याला हे इतकं आवडलं की आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

ताटली काढून टाकली तर पाणी थेट खाली काकूंकडे. शेवटी ताटलीत काठोकाठ वाळू भरली, आणि दर रविवारी ती उपसून ताटली घासते, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

आता वासाबद्दल. तेल पातीच्या आत असतं, त्यामुळे झाड नुसतं उभं असेल तर डासाला त्याचं काही पडलेलं नसतं. एकदा बुंध्यावरच बसलेला डास मी बघितलाय. पात चुरडून पायाला चोळली तर अर्धा तास बरा जातो, मग तेल उडून जातं आणि परत खाजवणं सुरू. धाकट्याच्या हाताला चट्टे उठले, म्हणून मुलांना चोळणं बंद केलं. झोपायला मच्छरदाणीच.

सप्टेंबरात मधली पाती पिवळी पडायला लागली. कुंडी उलटी केली तर माती दिसेचना, मुळांचा गच्च गोळा. सुरीने काही होईना, शेवटी नारळाचा कोयता घेतला. चार भाग निघाले, त्यातला एक काकूंना दिला, कपड्यांची भरपाई म्हणून.

छाटलेली पाती मात्र मी फेकत नाही. गरम पाण्यात टाकून त्याच पाण्याने फरशी पुसते. दोन तास घरभर वास राहतो, आणि आईंना खोकला येत नाही. 60 रुपयांत एवढं मला पुरतं.

सध्या एप्रिलच्या उन्हात टोकं करपलीत, रोज सकाळी पाणी लागतंय. काकूंच्या कुंडीला पाणी घालायला गेले की आधी ताटली बघते.