पहिलं मॉडेल कोणतं लिहावं: बॅरोट्रॉपिक की उथळ पाण्याचं?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी वातावरणाचं छोटं मॉडेल स्वतः लिहायचं म्हटलं की ही दोन नावं पुढे येतात. हवेच्या गरगरण्याचा, म्हणजे व्हॉर्टिसिटीचा, जमाखर्च दोन्हींत जुळावा लागतो. खातेवही मात्र वेगळी.

बॅरोट्रॉपिकमध्ये हवा आडवीच वाहते, कुठे पसरत नाही की गोळा होत नाही. म्हणून प्रत्येक कणाची स्वतःची व्हॉर्टिसिटी अधिक पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा ही बेरीज कायम राहते. मुंबईच्या १९ अंशांवर पृथ्वीचा वाटा सेकंदाला ४.७ लक्षांश, ३० अंशांवर ७.३. मुंबईहून न गरगरता निघालेला कण तिथवर ढकलला गेला, तर वाढलेले अडीच लक्षांश त्याला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरून फेडावे लागतात. रॉसबी लहरींचं, म्हणजे वातावरणातल्या हजारो किलोमीटर लांबीच्या नागमोडी लहरींचं, मूळ हेच. १९५० मध्ये चार्नी, फ्योर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी एनिअॅक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकावर हवामानाचे अंदाज काढले ते याच समीकरणावर. २४ तासांच्या अंदाजाला जवळपास २४ तासच लागले!

उथळ पाण्याच्या मॉडेलमध्ये थराची जाडी बदलते, म्हणून तीच बेरीज भागिले जाडी टिकते. १० किलोमीटरचा थर २ किलोमीटर उंच पठारावर चढून ८ चा झाला, की बेरीजही पाचव्या हिश्श्याने घटते. बॅरोट्रॉपिकच्या मूळ रूपाला हा डोंगर दिसतच नाही. पण इथे गुरुत्व लहरीही (थराचा पृष्ठभाग वर-खाली होऊन पसरणाऱ्या) येतात, सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास वेगाने. एका पायरीत लहर जाळीचं घर ओलांडून जाऊ नये, म्हणून १०० किलोमीटरच्या जाळीवर साध्या पद्धतीने वेळेची पायरी तीनेक मिनिटांची ठेवावी लागते. बॅरोट्रॉपिकला वीसेक मिनिटं चालतात.

माझं मत बॅरोट्रॉपिकला, कारण चूक लगेच पकडता येते. माझ्या पहिल्या कोडमध्ये वहनाचं पद, म्हणजे वाऱ्याबरोबर व्हॉर्टिसिटी वाहून जाण्याचा भाग, सरळ मध्य-फरकाने (दोन्ही बाजूंच्या शेजारी बिंदूंच्या फरकावरून) लिहिलं होतं. काही दिवस नकाशा सुरेख. मग बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके उमटले आणि आकडे फुटले. त्या पदासाठी हवामानशास्त्रज्ञ अराकावांनी १९६६ मध्ये दिलेली मांडणी बसवल्यावर व्हॉर्टिसिटीच्या वर्गांची बेरीज जवळजवळ सपाट रेषेत आली. ती रेषा प्रत्येक रनला काढाच.

डोंगर किंवा विषुववृत्ताजवळच्या केल्विन लहरी (विषुववृत्ताला धरून पूर्वेकडे सरकणाऱ्या) हाच विषय असेल, तर थेट उथळ पाण्याकडे वळा. सह्याद्रीचा पाऊस हवा असेल तर मात्र दोन्ही नकोत. यांत बाष्पच नाही.