‘कॉल ऑफ द व्हॅली’ : कुठली प्रत घ्यावी आणि कान कुठे लावावा

काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. राग सहा : अहिरभैरव, नटभैरव, पिलू, भूप, देस, पहाडी. वादक चार : संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. एच.एम.व्ही.ची ही १९६७ ची तबकडी. हिच्याबद्दल बोलताना पहिली तीन नावं सगळे घेतात, चौथं बहुतेक जण विसरतात. निर्मात्याचं तर कोणाच्या ध्यानातही नसतं. ते होते जी. एन. जोशी, म्हणजे ‘रानारानांत गेली बाई शीळ’ घराघरांत पोचवणारे भावगीतगायक. रानातली शीळ गाणाऱ्या माणसानेच पुढे दरीतल्या बासरीची तबकडी काढली, हा योगायोग मराठी माणसाला तरी आवडावा.

मेंढपाळाची गोष्ट बाजूला ठेवली तरी तबकडीचं काही अडत नाही. सगळं काम होतं ते वाद्यांच्या निवडीत. संतूर हे ठोक्याचं वाद्य. कलम (वाजवायची हलकी लाकडी दांडी) तारेवर पडली की सूर टोकदार उमटतो आणि लगेच उतरणीला लागतो. त्याला मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं नाही. १९५५ साली मुंबईत हरिदास संगीत संमेलनात शिवकुमार हे वाद्य घेऊन बसले तेव्हा जाणकारांचा आक्षेप हाच होता : सूर तुटक आहेत, यावर राग कसा वाजणार? त्यांनी तारांची जुळणी बदलली, घडवंचीवरचं वाद्य मांडीवर घेतलं आणि कलम तारेवर नुसती न आपटता हलकेच नाचवत ठेवण्याची रीत घासूनपुसून काढली. त्या नाचण्यातून सूर लांबतो. पण नीट ऐकलं तर तो अखंड नसतो, बारीक रव्याचा असतो. हा रवा ध्यानात ठेवा, पुढे प्रत पारखताना तोच कामाला येतो.

संतूरला जे जमत नाही ते बाकीच्या दोघांना जन्मजात येतं. काबरांची गिटार मांडीवर आडवी, पडदे न दाबता तारेवरून पोलादी कांडी सरकवत वाजवलेली. अली अकबर खाँसाहेबांकडे शिकलेल्या माणसाच्या हातात ती सरोदच्या वळणाने बोलते. मींड हवी तेवढी, आणि खालच्या सप्तकात भरदार. बासरीचा सूर तर फुंक आहे तोवर टिकतो. म्हणजे एकाकडे ठिपके, दोघांकडे रेषा. संतूरचा सूर विरत असताना गिटार किंवा बासरी तोच सूर उचलून पुढे नेते, त्या सांध्यांवर या तबकडीचा सगळा डोलारा उभा आहे. नंतर बाजारात आलेल्या ‘संतूर-बासरी’च्या ढीगभर आल्बमांत नेमकं हेच नसतं. तिथे दोन्ही वाद्यं एकाच वेळी सारखी वाजत राहतात आणि मागे कीबोर्डचा पडदा सगळी छिद्रं बुजवून टाकतो. असलं संगीत मालिशच्या दुकानात लावायला ठीक.

पहिला तुकडा सगळ्यांत लांब, बारा मिनिटांच्या वर, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. यात अहिरभैरवातून नटभैरवात जायचं आहे. दोन्ही सकाळचे राग आणि नावात दोघांच्याही भैरव, म्हणून हे सोपं वाटतं. स्वर मांडून बघा. अहिरभैरवात ऋषभ (रे) कोमल, म्हणजे अर्ध्या सुराने उतरलेला, धैवत (ध) शुद्ध, निषाद (नी) कोमल. नटभैरवात नेमकं उलट : ऋषभ शुद्ध, धैवत कोमल, निषाद शुद्ध. सा, ग, म, प जागेवर आणि उरलेले तिन्ही पालटलेले. बासरीवाल्याला हे बोटांनी साधतं, गिटारवाल्याला कांडी अर्ध्या सुराएवढी सरकवून. संतूरला मात्र त्या तिन्ही स्वरांच्या वेगळ्या तारा हव्यात, आणि आधीच्या रागाच्या तारा चुकूनही छेडल्या जाता कामा नयेत. शिवाय संतूरला आवाज दाबणारी यंत्रणा नाही. वाजलेली तार विरेपर्यंत बोलत राहते, नाहीतर तळहाताने थोपवावी लागते. कोमल ऋषभ रेंगाळत असताना शुद्ध ऋषभ वाजला तर काय होईल ते सांगायला नको. ऐकताना घड्याळाकडे न बघता ऋषभाकडे लक्ष ठेवा. तो वर चढला की ऊन वर आलं म्हणून समजा.

पिलूबद्दल थोडक्यात : गोड आहे, मोकळा आहे, पहिल्या बाजूचा शेवट हलका करतो. दुसऱ्या बाजूला भूप, देस, पहाडी हे तीन लहान तुकडे. भूप पाच स्वरांचा, मध्यम-निषाद वर्ज्य. एवढ्या कमी वेळात तो सरळ चालीने मांडलाय, त्यात शोध फारसा नाही. देसमध्ये दोन्ही निषादांचा खेळ आणि पावसाळी हवा आहे, तो दुसऱ्या बाजूचा खरा कस. पहाडी सर्वांत लोकप्रिय, आणि सिनेमाच्या पार्श्वसंगीताला सर्वांत जवळचा. शिव-हरी या जोडनावाने ‘सिलसिला’पासून (१९८१) पुढे शिवकुमार आणि हरिप्रसाद यांनी सिनेमाला जे संगीत दिलं, त्याचं बी इथे दिसतं.

तक्रार एकच आणि ती खरी आहे. इथे राग ‘होत’ नाही, रागाची ओळख होते. तबकडीची एक बाजू वीसेक मिनिटांची, त्यात दोन-तीन राग बसवायचे तर विस्ताराला जागा कुठून आणणार? ज्याला अहिरभैरव तासभर हवा आहे त्याने या चौघांच्या स्वतंत्र मैफिलींची ध्वनिमुद्रणं शोधावी. घरात ज्याला शास्त्रीय संगीताचं वावडं आहे त्याच्यासाठी मात्र याहून चांगली पहिली तबकडी सुचत नाही. वेळांचा क्रमही पाळलाय : सकाळ, दुपार, रात्रीचा पहिला प्रहर, दुसरा प्रहर. म्हणून फोनवर शफल बंद करूनच ऐका. शफलमध्ये देसनंतर अहिरभैरव आला की मेंढपाळ झोपायच्या आधीच उठतो.

आता प्रतीचं.

मूळ एल.पी.चा क्रमांक ई.सी.एस.डी. २३८२. ई.सी.एस.डी. हा एच.एम.व्ही.च्या स्टीरिओ तबकड्यांचा गट. छपाई कोलकात्याच्या दमदमच्या कारखान्यातली. ही तबकडी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापली गेली, त्यामुळे जुन्या बाजारात ती दुर्मीळ नाही. ‘दुर्मीळ आहे साहेब’ म्हणून कोणी चढा भाव सांगितला तर हसून पुढच्या दुकानात जावं. दुर्मीळ आहे ती चांगल्या अवस्थेतली प्रत. एके काळी घरोघरी असलेल्या सूटकेस-प्लेअरवर सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिची थरथर विजेत बदलणारा भाग) असायचं, आणि ते खाचेवर पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त भार टाकायचं. आजचं साधं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज दोन ग्रॅमच्या आतबाहेर चालतं. लोकांची आवडती तबकडी म्हणजे जास्त वाजलेली तबकडी, आणि जड सुईने जास्त वाजलेली म्हणजे खाचेचे कंगोरे गेलेली.

दुकानात बघायचं कसं? तबकडी दिव्याखाली तिरकी धरा. वरवरच्या बारीक ओरखड्यांना घाबरू नका, त्यांचा आवाज टिक्-टिक् एवढाच येतो. खाचेवर राखाडी झाक दिसते का बघा. ती असेल तर ठेवून द्या, कितीही धुतली तरी ती जात नाही, कारण ती धूळ नसून झीज आहे. मग मधल्या भोकाभोवतीचं लेबल बघा. स्पिंडल (प्लेअरची मधली खुंटी) शोधताना पडलेल्या केसासारख्या रेघा जितक्या जास्त, तितक्या वेळा तबकडी वाजलेली. कव्हरवर बुरशीचे डाग असतील तर तबकडीवरही पांढुरके ठिपके असणार. ते बहुधा धुऊन निघतात, त्यामुळे तेवढ्यासाठी नाकारू नका. वाकलेली मात्र घेऊ नका. उन्हात काचेखाली दाबून सरळ करण्याचे जे उपाय सांगतात त्यात तबकडी सरळ होते आणि खाच बिघडते.

वाजवून बघायला मिळत असेल तर दुसरी बाजू लावा आणि थेट पहाडीच्या शेवटच्या मिनिटावर सुई ठेवा. कारण साधं आहे. ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीवर कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते. जितकं आत जाल तितकी ही लांबी घटते, लेबलाजवळ ती २१-२२ वर येते. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला, म्हणून वळणं अरुंद आणि झीज आधी तिथेच. संतूरच्या ठोक्यात वरच्या पट्टीचा अंश भरपूर असतो, तो पहिला फाटतो. चांगल्या प्रतीत कलमेचा रवा सुटा-सुटा ऐकू येतो. गेलेल्या प्रतीत त्याची ‘खर्रर्र’ होते, जणू तारेखाली कागद अडकलाय.

खर्रर्र ऐकू आली की दोष प्रत्येक वेळी तबकडीचाच असेल असंही नाही. घरी तीन गोष्टी तपासा. भार : कार्ट्रिजच्या कागदावर १.८ ते २.२ ग्रॅम लिहिलं असेल तर २ च्या पुढेच ठेवा. ‘तबकडी जपायची’ म्हणून दीडवर आणला तर सुई ठोक्यागणिक उडते आणि खाचेच्या भिंतीवर आदळते. कमी भाराने होणारं नुकसान योग्य भाराच्या झिजेपेक्षा जास्त असतं. जुळणी : प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिजचा कोन तपासायची खुणांची पट्टी) ६६ आणि १२१ मिलिमीटरच्या दोन्ही खुणांवर कार्ट्रिज सरळ बसलं पाहिजे. एका खुणेवर बसवून भागत नाही. सुई : कोनिकलपेक्षा (गोल टोकाची) इलिप्टिकल (लंबगोल टोकाची) या तबकडीसाठी पैसे वसूल करते, आतल्या वळणांत फरक लगेच कळतो.

वेगही बघा, विशेषतः सोबत बासरी किंवा पेटी घेऊन बसणार असाल तर. वेग एक टक्का चुकला की सगळा पट सुमारे १७ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) सरकतो. तबकडीवरची वाद्यं आपसात सुरातच राहतात, म्हणून नुसतं ऐकताना काही कळत नाही. तुमची पेटी मात्र बेसूर लागते आणि माणूस उगाच स्वतःला दोष देत बसतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर ३३⅓ साठी १८० रेघांची स्ट्रोबोस्कोप चकती लागते, वेग बरोबर असला की तिच्या रेघा स्थिर दिसतात. परदेशी चकतीवरचं ६० हर्ट्झचं कडं वापरू नका. चकती जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली किंवा निऑन दिव्याखाली धरा. बऱ्याच एल.ई.डी.खाली रेघा स्थिर दिसतच नाहीत.

धुण्यासाठी एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बिनवासाच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब पुरे. लेबल कोरडं ठेवायचं, मऊ फडका खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, मग साबण न घातलेल्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळबळून उभी वाळवायची. नळाचं पाणी नको. वाळल्यावर त्यातले क्षार खाचेत बसतात आणि पहिल्या आलापात चुलीवर काही तडतडतंय असं वाटतं. या तबकडीत शांत जागा पुष्कळ, त्यामुळे ढोल-ताशाच्या तबकडीत जे खपून जातं ते इथे खपत नाही.

कॅसेट असेल तर आठवण म्हणून ठेवा. फीत एकसारख्या वेगाने सरकली नाही की बासरीचा लांब सूर डुगडुगतो. आतला स्पंजचा प्रेशर पॅड गळून पडला असेल तर फीत हेडला चिकटत नाही आणि संतूर आधी बोथट होतं, मग गायब.

बहुतेकांनी सीडी घ्यावी हे माझं स्पष्ट मत. आतल्या खाचेचा प्रश्न नाही, वेगाचा नाही, मधे उठून बाजू उलटणंही नाही. (पिलू आणि भूप यांच्यामधली ती अर्ध्या मिनिटाची शांतता मला व्यक्तिशः हवीशी वाटते, ती गोष्ट वेगळी.) स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन गुणवत्ता सर्वांत वरची निवडा. कमी बिटरेटच्या (सेकंदाला कमी माहिती साठवणाऱ्या) एम.पी.३ ला ठोक्याची वाद्यं झेपत नाहीत. ठोका पडण्याआधीच एक पुसट ‘फस्’ ऐकू येते, कारण आवाज तुकड्या-तुकड्यांत दाबताना ठोक्याचा गाळ मागे सांडतो. १२८ केबीपीएसची फाइल आणि सीडी लागोपाठ लावा, पहिल्या दोन मिनिटांत फरक कानात येईल. ‘रिमास्टर’ (जुन्या मुद्रणाचा आवाज नव्याने बेतलेली प्रत) लिहिलेलं दिसलं की हुरळून जाऊ नका. आवाज मोठा करण्यासाठी ठोक्याची टोकं छाटलेली असतील तर संतूर आणि बासरी एकाच उंचीवर येतात आणि ठिपके-रेषांचा खेळ संपतो. पारख तीच : रवा सुटा ऐकू येतो का?

१९९५ च्या सीडीत मूळच्या पाच तुकड्यांना आणखी तीन जोडले आहेत. वाईट नाहीत, पण ते मेंढपाळाच्या दिवसाचा भाग नाहीत. पहाडी संपला की थांबवा, ते तीन दुसऱ्या दिवशी ऐका.