कसबा बावड्यातील सिस्मिक सर्व्हे : पहिला अहवाल आणि दुसरी खेप

कसबा बावड्यात, पंचगंगेपासून फारशा लांब नसलेल्या आमच्या प्लॉटवर पाया किती खोल न्यावा हे ठरवण्यासाठी दिवाळीनंतर आम्ही एका खासगी सेवेकडून सिस्मिक सर्व्हे, म्हणजे जमिनीत धक्क्याच्या लहरी पाठवून खालचे थर ओळखण्याची तपासणी, करून घेतला. पहिल्या अहवालाबद्दल माझी तक्रार आहे, दुसऱ्या खेपेच्या कामाबद्दल मात्र पूर्ण समाधान आहे.

जमिनीत 24 जिओफोन (जमिनीची हालचाल टिपणारी उपकरणे) ओळीने रोवून लोखंडी प्लेटवर घणाचे ठोके दिले जातात. एकाच ठोक्यातून दाबाची पी लहर, कणांना आडवे हलवणारी एस लहर आणि सर्वाधिक ऊर्जा घेऊन जमिनीलगत रांगत येणारी पृष्ठलहर अशा तिन्ही निघतात, आणि नोंदीत त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. पहिल्या अहवालात केवळ सर्वांत आधी पोहोचणाऱ्या पी लहरीचा विचार होता. 4 मीटरवर तिचा वेग सेकंदाला 1500 मीटर झालेला पाहून तिथे 'घट्ट मुरूम' असे लिहिले होते. पाण्यात पी लहरीचा वेग जवळपास तेवढाच असतो, त्यामुळे पाण्याने भरलेली मऊ मातीसुद्धा हाच आकडा दाखवते. शेजारच्या विहिरीचे पाणीही त्याच पातळीला होते. ही चूक मला गंभीर वाटते, कारण तिच्यावर इमारतीचा भार उभा राहणार होता.

हरकत घेतल्यावर ते पुन्हा आले, तेही पहाटे, कारण दिवसा उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ता हादरत असतो. या वेळी जिओफोन आडवी हालचाल टिपणारे होते. लाकडी ओंडक्यावर जीपचे चाक चढवून तो जमिनीशी घट्ट दाबला आणि त्याच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने आडवे ठोके दिले. ठोक्याची दिशा बदलली की एस लहर उलटी होते, पी लहर होत नाही. म्हणून एका नोंदीतून दुसरी वजा केली की पी जवळपास नाहीशी होते आणि एस दुप्पट उठून दिसते. पडद्यावर दोन्ही टोकांच्या ठोक्यांची लाल आणि निळी रेघ थोडा वेळ बरोबरीने चालल्या, आणि मग जिथे एकीचा डोंगर तिथे दुसरीची दरी दिसू लागली. तो क्षण मी विसरणार नाही.

एस लहर पाण्यातून जात नाही, ती मातीच्या सांगाड्यावर चालते. तिचा वेग 4 मीटरवर 200 च्या आतच राहिला आणि 9 मीटरच्या सुमारास 800 च्या पुढे गेला, म्हणजे 4 मीटरवर मऊ मातीच होती आणि कठीण थर 9 मीटरच्या आसपास होता. पृष्ठलहरींच्या वेगवेगळ्या कंपनसंख्यांवरून काढलेला एस लहरीचा वेगही याच्याशी जुळला.

एक उणीव राहिली. बसाल्टच्या दोन थरांमध्ये गेरूचा मऊ थर असेल, तर वरच्या कातळामुळे तो सर्वांत आधी पोहोचणाऱ्या लहरींच्या वेळांवरून कळत नाही, आणि अहवालात त्याचा उल्लेखही नाही. त्यासाठी बोअर घ्यावीच लागली. 9.3 मीटरवर काळा कातळ लागला आणि पुढचे 3 मीटर तो सलग निघाला.