घुबडांच्या संस्थेत व्हॉलंटियर व्हावं का नोकरी धरावी?

सध्या ओळखीतली दोन-तीन पोरं मला हेच विचारायलेत, की दादा संस्थेत जागा निघालीय, अर्ज करू का नुसतं व्हॉलंटियर म्हणून जाऊ. मी दोन्ही केलंय. आधी तीन वर्षं व्हॉलंटियर, मग चौदा महिने पगारावर, आणि आता परत व्हॉलंटियर. म्हणजे माझा कल कुठंय ते कळलंच असंल, तरी दोन्ही बाजू नीट सांगतो, कारण प्रत्येकाच्या घरची परिस्थिती वेगळी असते. घुबड उंदीर खातं, शेतकऱ्याच्या फायद्याचं आहे हे तुम्हाला माहीत आहेच, त्यात जात नाही.

नोकरीचं चांगलं आधी सांगतो. पगार फार नसतो पण महिन्याला येतो, आणि घरी बापाला सांगायला बरं पडतं. त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ओळखपत्र. दिवाळीच्या अमावस्येच्या आधी पंधरा दिवस करणी-भानामतीसाठी घुबडं पकडणारे फिरतात, तेव्हा कुठून तरी खबर येते आणि तुम्ही तिथं जाता. व्हॉलंटियर असताना मला पहिला प्रश्न यायचा, तू कोण रे? संस्थेचं कार्ड आणि पत्र हातात असलं की वनविभागातला माणूसही बसवून ऐकून घेतो. पिंजरा, हातमोजे, जनावरांच्या डॉक्टरचा नंबर, गाडी, सगळं तयार मिळतं. हे मी खरंच मिस करतो.

व्हॉलंटियरला ह्यातलं काहीच नाही. पेट्रोल खिशातलं, सीझनला माझे महिन्याला दीड-दोन हजार सहज जातात. आणि एक जपायचं, जखमी घुबड दिसलं म्हणून प्रेमानं चार दिवस घरी ठेवून घेतलं असं चालत नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यात सगळी घुबडं येतात आणि 48 तासांच्या आत कळवावं लागतं. मी तर आधी वनविभागाच्या हेल्पलाइनला, 1926 ला, फोन लावतो आणि मगच खोक्यात घेतो. दूध-पोळी चारत बसायचं नाही, अंधार आणि शांतता एवढंच द्यायचं.

आता मला ज्या एका गोष्टीनं नोकरी सोडायला लावली ती सांगतो. सकाळी दहाची हजेरी.

ऐकायला बारीक वाटंल. पण घुबडाचं सगळं काम रात्रीचं. आमच्याकडं किल्लारीच्या पट्ट्यात 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर गावं नव्या जागी गेली, जुन्या गावठाणात काही पडक्या भिंती आणि बुजत आलेल्या विहिरी राहिल्या, आणि तसल्या भिंतींच्या कोनाड्यात गव्हाणी घुबडं राहतात. त्यांची पिल्लं भुकेली असली की सापासारखी फुसफुसतात, म्हणून लोक घाबरून फोन करतात आणि तो फोन रात्री आठच्या नंतरच येतो. एका मार्चमध्ये असाच एका तात्यांचा फोन आला, की वाड्याच्या भिंतीतनं पिल्लू खाली पडलंय आणि मांजर फिरायलीय. मी साठ किलोमीटरवरनं गेलो. कोनाड्यापर्यंत शिडी पुरत नव्हती, मग एका टोपलीत पालापाचोळा घालून पिल्लू त्यात ठेवलं आणि ती टोपली भिंतीला शिडी पोचंल तेवढ्या उंचीवर बांधली. पिल्लाला माणसाचा हात लागला म्हणून आई सोडून देत नाही, पण ती परत आलेली बघितल्याशिवाय तिथनं निघायचं नसतं, हे आम्ही स्वतःच ट्रेनिंगमध्ये पोरांना शिकवायचो. साडेबारापर्यंत ती आली नाही. सकाळी दहाला ऑफिसात फोटोसकट हजेरी, त्यात आदल्याच महिन्यात दोन हाफ डे कापलेले, आणि परतीचा रस्ता खराब. मी निघालो. सकाळी तात्यांचा फोन आला, टोपली पालथी पडलीय, पिल्लू गेलं.

मी थांबलो असतो तर ते वाचलंच असतं असं छातीवर हात ठेवून नाही सांगता येत. पण मी ज्या कामासाठी पगार घेत होतो तेच काम अर्ध्यावर सोडून, त्याच पगाराच्या हजेरीसाठी निघालो, हे माझ्या मनातनं जात नाही. साहेबांना विचारलं होतं की रात्रीचं काम झालं तर दुसऱ्या दिवशी उशिरा आलो तर चालंल का. माणूस वाईट नव्हता, पण म्हणले फंड देणाऱ्याला हजेरीचा रिपोर्ट द्यावा लागतो, नियम सगळ्यांना एकच. मग दिवसभर काय करायचं, तर शाळेतले कार्यक्रम, बॅनरसहित फोटो, एक्सेल आणि मार्चएंडच्या आधी पैसे खर्ची टाकणं. कार्यक्रम वाईट नाहीत, लेकरं लई मन लावून ऐकतात. पण चौदा महिन्यांत जेवढी घुबडं मी बघितली त्याच्यापेक्षा जास्त आधीच्या एका हिवाळ्यात बघितली होती.

दुसरा फरक गावातल्या लोकांचा. कार्ड गळ्यात असलं की पहिला प्रश्न, योजना काय आहे, आम्हाला काय मिळणार? त्यांचंही चूक नाही, योजनाच बघून बघून लोक थकलेत. कार्ड नसताना तीच माणसं चहा देतात आणि बोलतात. एका आजीनं मला सांगितलं होतं, घुबडाला दगड मारू नये बाबा, ते दगड झेलतं आणि नदीत नेऊन घासतं, दगड जसा झिजतो तसा मारणारा माणूस झिजतो. मी त्यांना खोडलं नाही. ह्या समजुतीनं निदान त्यांच्या गल्लीत दगड तरी उचलला जात नाही. उंदराच्या औषधाचं मात्र बोलावंच लागतं, ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरतो आणि घुबडाला तोच आधी सापडतो. हे एका मीटिंगमध्ये पटत नाही, दोन-तीन हंगाम त्याच बांधावर जावं लागतं. प्रोजेक्ट तोपर्यंत संपलेला असतो, आणि गावचा व्हॉलंटियर तिथंच असतो.

तरी नोकरी सगळ्यांनाच नको असं मी म्हणत नाही. रानपिंगळ्यावर, म्हणजे जंगलातल्या त्या दुर्मिळ छोट्या घुबडावर, काम करायला मिळत असंल, मेळघाटासारख्या ठिकाणी, तर मी स्वतः म्हणीन जा. 1884 नंतर 113 वर्षं कुणाला नीट दिसला नव्हता, 1997 ला शहाद्याजवळ परत सापडला, असल्या पक्ष्याला फावल्या वेळातली माणसं पुरत नाहीत. आणि तो बराचसा दिवसा हिंडतो, म्हणजे माझी हजेरीची अडचण तिथं येणारच नाही. घरात दुसरी कमाई नसंल तरी नोकरीच धरा, उपाशी पोटी रात्री फिरणं जमत नाही. माझं थोडं रान आहे, दुकानात हिशेबाचं काम आहे, म्हणून मला जमलं.

पण आमच्यासारखं गव्हाणी आणि पिंगळ्याचं काम असंल, आणि घर कसंबसं का होईना चालत असंल, तर माझ्या मते आधी दोन वर्षं व्हॉलंटियर राहून बघा. त्याच्या आधी पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला जाऊन या जमलं तर, तिथं 2018 ला घुबडांचा उत्सव सुरू झाला, गावातली लेकरं घुबडाचं चित्र काढतात, बघून हुरूप येतो.

आणि इंटरव्ह्यूला गेलातच तर पगार विचारायच्या आधी हे विचारा, की रात्री दोनपर्यंत पिल्लाजवळ बसलो तर सकाळची हजेरी कशी धरणार. हे ऑफर लेटरमध्ये लिहून देणार असतील तर तेवढी संस्था मलाही कळवा.