मधूनमधून जाणारा डिस्प्ले: बॉक्स पाठवायचा की विमान उघडायचं?

पूर्ण मेलेला डिस्प्ले परवडला, मधूनमधून जाणारा नको. पायलट टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तक्रारवहीत, एक ओळ लिहितो, "एमएफडी ब्लँक झाला, थोड्या वेळाने परत आला." एमएफडी म्हणजे पॅनेलवरची नकाशा-इंजिनची स्क्रीन; तिच्या शेजारची उड्डाणाची मुख्य स्क्रीन ती पीएफडी. आपण विमान हँगरमध्ये ओढतो, बाहेरून वीज (ग्राउंड पॉवर) लावतो, तासभर समोर बसतो, आणि स्क्रीन पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या पोरासारखी चालू. दुसऱ्या दिवशी धावपट्टीभोवतीच्या फेरीत (सर्किट) परत तेच. मग मालकाचा फोन येतो: बॉक्स, म्हणजे अख्खं डिस्प्ले युनिट, दुरुस्तीला पाठवून देऊ या का?

हे लिहितोय ते सेस्ना १७२ हे छोटं प्रशिक्षण विमान आणि त्यातली गार्मिन जी१००० ही दोन स्क्रीनची यंत्रणा डोळ्यांसमोर ठेवून. ही जोडी आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत बरीच आहे आणि माझे हातही तिथेच काळे झाले आहेत.

कागदावर बॉक्स पाठवणं फार सुटसुटीत दिसतं. पॅनेलवरचे चार पाव-वळणाचे स्क्रू, ३/३२ इंची हेक्स की, मागचा कनेक्टर सोडवला की डिस्प्ले हातात. एक्स्चेंजमध्ये दुसरं युनिट येतं, सोबत ८१३०-३ किंवा ईएएसए फॉर्म १ (भाग वापरायला योग्य असल्याचा दाखला), ते बसवायचं, सॉफ्टवेअर आणि कॉन्फिगरेशन तपासायचं, सही करायची. एएमईचा (लायसन्सधारी देखभाल इंजिनिअरचा) वेळ कमी, पैसा जास्त, तोही डॉलरमध्ये, वर कस्टम्स आणि पार्सलची वाट बघणं. उलट विमान उघडायचं तर सामानाचा खर्च नगण्य, पण एव्हियॉनिक्सचं (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचं) लायसन्स असलेला जाणता माणूस दोन-तीन दिवस पॅनेलखाली उताणा पडणार. शेवटी काही सापडेलच, याची हमी तो देणार नाही. एवढं ऐकून बहुतेक मालक पहिला रस्ता धरतात. मीही धरला होता.

आमच्या एका १७२ चा एमएफडी खडबडीत टॅक्सीवेवर जायचा. बॉक्स काढून पाठवला, दुसऱ्या विमानातला तात्पुरता बसवला. तीन आठवडे काही नाही. सगळे खूश, बॉक्सच खराब होता म्हणून. मग बॉक्स परत आला, सोबतच्या कागदावर शेरा: दोष आढळला नाही. तो लावला, आठवडाभर ठीक, आणि एका लँडिंगनंतर स्क्रीन काळी. शेवटी कनेक्टरचं मागचं कव्हर उघडून एकेक वायर हलकेच ओढून पाहिली, तर पॉवरची पिन सुळकन मागे सरकली. कुठल्या तरी जुन्या कामात ती खाचेत बसलीच नव्हती. दर वेळी बॉक्स काढून लावला की पिन पुढे रेटली जायची आणि काही दिवस धरून ठेवायची.

या प्रकरणात पैशापेक्षा जास्त लागला तो हा धडा: बॉक्स बदलणं म्हणजे कनेक्टर काढून लावणंही असतंच. त्यामुळे "बॉक्स बदलल्यावर बरं झालं" यावरून बॉक्स दोषी ठरत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर तो स्थिर, थंड खोलीत, कोऱ्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) जोडलेला असतो. तुमच्या विमानाचं ग्राउंड (वीज परत जाण्याची जोडणी), तुमचा धक्का आणि मे महिन्यातलं विदर्भातलं ऊन तिकडे जात नाही.

म्हणून कुठलाही रस्ता धरण्याआधी फुकटात काय कळतं ते बघा. स्क्रीन काळी होते, मंद होते, की तिच्यावर लाल फुली येते? लाल फुली आली आणि बाकी चित्र शाबूत असेल, तर डिस्प्ले बिचारा सांगतोय की मला माहिती येत नाही. मग ती पुरवणाऱ्या बॉक्सांकडे वळा: एएचआरएस (विमानाचा कल आणि दिशा), एअर डेटा कॉम्प्युटर (वेग, उंची), जीआयए (सगळ्यांना जोडणारा). मंद झाली आणि अलर्टमध्ये 'पीएफडी१ कूलिंग' किंवा 'एमएफडी१ कूलिंग' असेल तर पंखे बघा. या विमानात एव्हियॉनिक्ससाठी चार पंखे आहेत, त्यातले दोन थेट या दोन डिस्प्लेंच्या मागे हवा मारतात. प्रीफ्लाइटला मुलं 'फॅन हर्ड' म्हणतात खरी, पण चारांतला एक बंद असला तरी आवाज येतोच. 'व्होल्टेज' अलर्ट असेल तर येणारी वीजच कमी आहे, बॉक्सला हात लावू नका. 'सर्व्हिस' असेल तर मात्र बॉक्स स्वतःच दवाखान्यात न्या म्हणतोय, वाद घालू नका.

आणि हो, डिमरचं बटण. रात्रीच्या उड्डाणानंतर एव्हियॉनिक्स डिमर मध्येच सोडला की सकाळच्या उन्हात स्क्रीन मेल्यासारखी दिसते. पूर्ण डावीकडे फिरवून बंद केला की फोटोसेल स्वतः उजेड सांभाळतो. या एका तक्रारीपायी (स्नॅग) एका शनिवारी मी घरून परत हँगरला आलोय.

कोणता डिस्प्ले जातो यालाही अर्थ आहे. १७२ मध्ये पीएफडीला वीज दोन वाटांनी मिळते, इसेन्शियल बस आणि एव्हियॉनिक्स बस १ (बस म्हणजे वीज वाटणारी पट्टी). एमएफडीला एकच, एव्हियॉनिक्स बस २. म्हणजे एमएफडी काळा झाला तर ब्रेकर, वायर, पिन, ग्राउंड सगळ्यांवर संशय. पण पीएफडी पूर्ण काळा झाला, तर दोन वाटा एकाच क्षणी तुटणं अवघड. ग्राउंड, कनेक्टर किंवा खुद्द बॉक्स यांचाच नंबर आधी. जमिनीवर पीएफडीचे दोन ब्रेकर आळीपाळीने ओढून बघा. एक ओढल्याबरोबर स्क्रीन गेली तर दुसरी वाट आधीपासून मेलेली होती, आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

एमएफडीच्या वरच्या एसडी कार्डवर उड्डाणाची नोंद (लॉग) होत असेल तर ती उघडा. सेकंदाला एक ओळ, त्यात व्होल्ट आणि अँपिअर. एमएफडी गेला तिथे फाइल तुटते. शेवटच्या ओळीपर्यंत २८ च्या आसपास व्होल्ट असतील तर बस ठीक आहे, घोळ तिथून डिस्प्लेपर्यंत कुठेतरी आहे. व्होल्ट आधीच घसरत असतील तर आल्टरनेटरकडे जा. सेकंदाच्या आतला झटका यात दिसत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

यानंतर अदलाबदल. पीएफडी आणि एमएफडी एकाच पार्ट नंबरचे असतील तर जागा बदलून दोष बॉक्सबरोबर जातो का ते पाहता येतं. जीएफसी ७०० ऑटोपायलट असेल तर त्याच्या बटणांचा डिस्प्ले वेगळा असू शकतो, तसं असेल तर तशाच दुसऱ्या विमानातला घ्यावा लागतो. वर सांगितलेला सापळा टाळायचा असेल तर आधी तोच बॉक्स नुसता काढून परत लावा आणि उडवा. दोष परत आला की मगच अदलाबदल करा. मॅन्युअलप्रमाणे कॉन्फिगरेशन तपासणं आणि लॉगबुकातली नोंद आलीच.

दोष जागेवरच राहिला, तर पॅनेलखाली जायला पर्याय नाही. ग्राउंड मोजताना साधा मल्टिमीटर उपयोगाचा नाही, त्याच्या लीड्सचाच रोध मोजायच्या आकड्यापेक्षा मोठा. एफएएच्या (अमेरिकी विमान नियामकाच्या) एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेत बाँडिंगच्या (धातूचे भाग विजेने जोडण्याच्या) जोडाला ०.००३ ओहमची मर्यादा आहे. तेवढं बघायला मिलिओहम मीटर लागतो. आणि व्होल्टेज मोजायचं ते भार टाकून. नुसतं मीटर टेकवलं तर एकाच तारेवर टिकलेली क्रिंपही (वायरीच्या टोकाची दाबून बसवलेली जोडणी) पूर्ण २८ व्होल्ट दाखवते. जुना लँडिंग लाइटचा बल्ब लावा, मग ती खरं बोलते.

दोष बॉक्सबरोबर फिरला, 'सर्व्हिस' अलर्ट आला, किंवा पंखे चालू असून स्क्रीन दर वेळी तापल्यावरच जाते आणि गार झाल्यावर येते, तर मी विनातक्रार बॉक्स पाठवीन. तिथे वायरिंग तपासत बसणं म्हणजे एएमईचे दिवस वाया. एक्स्चेंज घ्यायचा की आपलाच दुरुस्त करून आणायचा? विमान रोज उडत असेल तर एक्स्चेंज. खाजगी मालकाचं असेल, महिन्यातून दोनदा उडणारं, तर आपलाच दुरुस्त करून आणा. त्याचा इतिहास तरी आपल्याला माहीत असतो. जी१००० च्या २०१७ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीवर, एनएक्सआयवर, जायचा सल्लाही कुणी देईल. जुने डिस्प्ले बदलायचेच असतील तर अवश्य जा, पण वायरिंग तेच राहणार असेल तर सैल पिनही तीच राहते.

निर्णय होईपर्यंत ते विमान आयएफआरला (फक्त उपकरणांच्या भरवशावरच्या उड्डाणाला) आणि रात्रीला देऊ नका. दिवसा द्यायचं तर एमईएल (काय बंद असताना उडता येतं त्याची यादी) आणि एएमई काय म्हणतात ते बघून. स्क्रीन गेली तर ऑडिओ पॅनेलवरचं लाल डिस्प्ले बॅकअप बटण दाबायचं, हे विद्यार्थ्याकडून जमिनीवर एकदा करून घ्या. आणि टेक लॉगच्या बाजूला एक कागद चिकटवा: कधी गेला, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, फ्लॅप चालू होते का, पीटीटी (रेडिओवर बोलायचं बटण) दाबलेलं होतं का, धक्का बसला होता का. आमच्याकडे "टॅक्सीवेच्या खड्ड्यावर" एवढे दोन शब्द पहिल्याच दिवशी कुणी लिहिले असते तर तो बॉक्स समुद्र ओलांडून गेलाच नसता.