स्पिंडल की स्ट्रिपर? कापूस वेचायचं मशीन

आम्ही बडोद्यात, दांडिया बाजारला, पण मामांची कपाशी कर्जनकडे, आणि वेचणीला माणसं मिळेनात म्हणून ते सारखं विचारतात कुठलं मशीन बरं. दोन्ही इंजिनवरच चालतात पण आतला प्रकार एकदम वेगळा.

स्पिंडलवाल्यात फिरत्या ड्रमवर बारीक दातांच्या निमुळत्या चात्या, म्हणजेच स्पिंडल, असतात, त्या ओल्या होऊन गरागरा फिरतात, उमललेल्या बोंडातला कापूस गुंडाळून घेतात, मग डॉफरच्या मऊ चकत्या तो उलगडतात आणि पंख्याची हवा टाकीत फेकते. ओल्या चातीची आयडिया म्हणे असं मशीन बनवणाऱ्या अमेरिकन जॉन रस्टला आजीच्या चरख्यावरून सुचली, ती चाती ओली करायची ना! कच्चं बोंड झाडावर राहतं, म्हणजे दुसरा वेचा मिळतो. पण शेकडो चात्या, प्रत्येकीला गिअर, ग्रीस, पाणी... एक दात झिजला की कापूस सुटलाच.

स्ट्रिपर साधा. ब्रश आणि रबरी पट्ट्यांचे दोन रोलर उलटसुलट फिरतात, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, मधून जाते, बोंड, टरफल, काडी सगळं ओरबाडून येतं. भाग कमी, स्वस्त, पण एकाच फेरीत खेळ खलास, आणि कचरा बघून सरकी काढणारा जिनवाला भाव पाडणारच. शिवाय पानं आधी गळलेली हवीत, टेक्सासात बऱ्याचदा हिमच ते काम करतं, इथे कुठलं हिम, फवारणीच करा.

मामांची पऱ्हाटी छातीपर्यंत, पसरलेली आणि बोंडं दोन महिने फुटत राहतात, त्यामुळे माझं मत स्पिंडल. मात्र विकत नाही, भाड्यानं मिळालं तरच, आणि आधी ओळी सरळ पेरा म्हटलं मामांना.